खड्ड्यातलं निळं पाणी आणि रविवारची ग्रामसभा

साखळीजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आवरून देते आहे:

"माई, मी मूळची कराडची. लग्नानंतर आम्ही नेदरलँड्सला होतो. गेल्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही गोव्याला परतलो. नवरा घरून तिथल्याच कंपनीचं काम करतो. मुलगी आठ वर्षांची आहे. इथं नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. पाऊस सुरू झाला की वीज जाते ती तासन्‌तास येत नाही. पाइप घालायला खणलेला रस्ता तसाच पडलाय, कचऱ्याची गाडी मनात येईल तेव्हा येते. रात्री सासऱ्यांना कूस बदलून द्यायला उठावं लागतं. तक्रार केली की सासूबाई म्हणतात, 'मग आमी इतकीं वर्सां कशीं रावलीं?' नणंद अजून रॉटरडॅमला आहे, ती म्हणते, 'लोक सुट्टी टाकून येतात तिथं तू राहतेस!' म्हणून मी तिला फोटो पाठवते. भातशेती, धुकं, देवळातली दिवजं. मागे जुन्या खाणीच्या खड्ड्यातल्या निळ्या-हिरव्या पाण्याचा फोटो पाठवला. तिनं लिहिलं, 'अगदी स्वित्झर्लंड!' तोच सासऱ्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि जड जिभेनं म्हणाले, 'थंय दोंगर आशिल्लो.' तिथं डोंगर होता. तेव्हापासून मला फोटो काढायची लाज वाटते. इथं सुंदर आहे म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं, इथं हाल आहेत म्हटलं तर कृतघ्नपणा वाटतो. मुलीला तिकडच्या शाळेत सांगितलं होतं की भारत विकसनशील देश आहे. ती विचारते, 'आई, हा देश बनवून पूर्ण कधी होणार? तोवर आपण तिकडे जाऊया का?' काय सांगू? वयानं तुमच्या मुलीएवढी आहे, एकेरीच लिहा. — साखळीची सून"

प्रिय साखळीच्या सुनेस,

आधी तुझ्या झोपेचं बोलू, सौंदर्याचं मागाहून.

पाणी, वीज, रस्ता, कचरा, प्रत्येकाची तू नीट हजेरी घेतलीस आणि रात्रीचं उठणं एका ओळीत उरकलंस. नवरा पत्रात एकदाच येतो, तोही कंपनीच्या कामासकट. वीज खात्यावरचा तुझा राग खरा आहे, पण त्यातला निम्मा नवऱ्याच्या नावचा असावा असा मला दाट संशय आहे. वर्षभर सलग झोप न मिळालेल्या माणसाला ताजमहालासमोर नेऊन उभं केलं तरी तो बसायला बाकडं शोधणार.

नेदरलँड्सचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे त्याचं काम आपल्या रात्री नऊ-दहापर्यंत चालत असणार, आणि कॉम्प्युटर मिटल्या मिटल्या कुणी झोपत नाही. तेव्हा मध्यरात्रीची कूस त्याची आणि पहाटेची तुझी, नाही तरी पाणी भरायला तू उठतेसच. वडील त्याचे आहेत, हे त्याला ठाऊक आहे. वेळापत्रकात लिहिलेलं नाही इतकंच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घ्यायची का, किती वेळानं वळवायचं, हे डॉक्टरांना विचार. साखळीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपीची चौकशी कर. २०१६ पासून चालू असलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात कुठल्या तरी डब्यात असेल, त्याचं नूतनीकरण झालंय का ते बघ. आणि दुपारच्या दोन-तीन तासांसाठी गावातली एखादी बाई ठेव, पैसे चोख दे. "घरात सून असताना बाई कशाला," असं सासूबाई म्हणतील, म्हणू देत. नेदरलँड्समध्ये म्हाताऱ्यांकडे घरी नर्स येते. तिथल्या सुनांना माया कमी म्हणून नव्हे, तर हे काम एकट्याचं नाही हे तिथं धरून चाललेलं असतं म्हणून.

एवढं झालं की पुढचं वाच. आधी वाचलंस तर हे सगळं तुला कीर्तन वाटेल.

आता तो फोटो. सासरे तुला रागावलेले नाहीत. तू दाखवलंस ते काय आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. तुमच्या तालुक्यातलं लोहखनिज पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत, दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानला जायला लागलं. पुढे चीनची मागणी आली तशी पूर्वी टाकाऊ समजली जाणारी हलक्या प्रतीची मातीही विकली जाऊ लागली आणि डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या रस्त्यांवर ट्रकमागे ट्रक लागले. झाडांची पानं तांबडी, वाळत घातलेले कपडे तांबडे. खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, तेव्हा खणायचं तर आतलं पाणी सतत उपसावं लागायचं आणि आजूबाजूच्या विहिरींचा तळ दिसायला लागायचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मधे काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं परत थांबल्या. पंप बंद पडले, वरून पाऊस आणि खालून भूजल येऊन खड्डे भरले. तुझं स्वित्झर्लंड ते हे.

यात आणखी एक गंमत आहे. उन्हाळ्यात नद्या आटल्या की याच खड्ड्यांतलं पाणी उपसून पाणीयोजनेसाठी नदीत सोडलेलं डिचोली तालुक्यानं पाहिलंय. ज्या पाण्याचा फोटो काढायची तुला लाज वाटते, ते कदाचित कधी तुझ्याच नळातून आलं असेल.

आणि खाण म्हणजे नुसती वाईट, असंही तुझ्या गावात कुणी बोलणार नाही. त्याच ट्रकांवर घरं बांधली गेली, पोरं इंजिनिअर झाली. खाणी थांबल्या तेव्हा धूळ बसली आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजत उभे राहिले. धुळीनं खोकणारा आणि ट्रकचा हप्ता भरणारा, पुष्कळ घरांत एकच माणूस होता. तुझे सासरे त्यातले कोण होते, हे तू लिहिलेलं नाहीस. विचारलंयस का कधी?

मग फोटो काढायचा की नाही? पाणी निळं आहे, ते निळं दिसणारच, त्यात तुझ्या डोळ्यांचा काही गुन्हा नाही. फोटो काढ, नणंदेला पाठव आणि खाली लिही: "इथं डोंगर होता, बाबांनी तो पाहिलाय." ती त्यांची मुलगी आहे. तिचाही तो डोंगर होता, ती विसरली असेल इतकंच. फक्त मुलीला घेऊन त्या काठाशी जाऊ नकोस. असल्या खड्ड्यांच्या कडा सरळसोट तुटलेल्या असतात, पावसात ढासळतात. रीळ काढायला जाणाऱ्या पोरांनाही सांग, ऐकणार नाहीत तरी.

तुझ्या मुलीचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. देश बनवून पूर्ण कधी होणार! तिला तिच्याच दुसऱ्या देशाची गोष्ट सांग. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ उठलं, भरतीत नेदरलँड्सचे बांध फुटले आणि १८०० हून अधिक माणसं बुडाली. तुम्ही ज्या देशात सायकलवरून बांधाबांधानं फिरलात, तो देश त्यानंतर अनेक दशकं समुद्र अडवण्याचं काम करत राहिला आणि अजूनही करतो आहे. बांधांची, कालव्यांची देखभाल करणारी पाणीमंडळं तिथं तेराव्या शतकापासून आहेत. त्यांची निवडणूक वेगळी आणि कर वेगळा. तू तो भरला असशील, पावतीवर नाव पाहिलं नसशील. ते ट्यूलिपचे ताटवे आणि पवनचक्क्या पाहताना कुणी म्हणत नाही की हे हालांवर पांघरूण घालणं आहे. खरं तर पवनचक्क्यांपैकी कितीतरी पाणी उपसायलाच बांधलेल्या होत्या.

आता एखाद्या रविवारी फेरी बोटीनं चोडणला किंवा दिवाडीला जा. मांडवीच्या काठची ती सपाट, हिरवीगार शेतं, बगळे, मधून जाणारा बांध... पर्यटक हे पाहून उसासे टाकतात. ती जमीन निसर्गानं दिलेली नाही, ती खारफुटीची दलदल होती. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी चिखल, जांभा दगड, बांबू, पेंढा घालून बांध रचले आणि खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवलं. अशा शेतीला खाजन शेती म्हणतात. बांधात जागोजागी मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. (तुझ्या वीज खात्याची मानसेला गरज नाही, हे वाचून तुला बरं वाटेल.) कोरगुटासारखं खाऱ्याला दाद न देणारं भात पावसाळ्यात, मानसेपाशी कोळंबी आणि मासळी. बांध कुणी राखायचा, मानसेचा लिलाव कसा करायचा, हे गांवकारी, म्हणजे आपण आता कोमुनिदाद म्हणतो ती संस्था, ठरवत असे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते आहे की आपल्याकडे सुंदर दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी कुणीतरी राखलेल्या असतात आणि पुष्कळ हाल हे राखणं थांबलं तिथून सुरू होतात. १९६४ च्या कुळकायद्यानंतर बांधाची जबाबदारी कोमुनिदाद, कूळ-संघटना आणि सरकार यांच्यामध्ये लोंबकळत राहिली. खनिजाच्या बार्ज नदीतून जायच्या, त्यांच्या लाटांनी कडा खचल्या. काही ठिकाणी कोळंबीसाठी बांध मुद्दाम फोडले, असंही शेतकरी सांगतात. फुटलेल्या जागेतून खारं पाणी आत येतं आणि एक-दोन वर्षांत तिथं खारफुटी उगवते. आता बघ, खारफुटी तर किती देखणी! चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे ते खारफुटीचंच, आणि तिथं ती हवीच. पण भाताच्या शेतात ती उगवली तर तो बुडालेल्या शेताचा हिरवा रंग असतो. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय फोटोत ते कळत नाही.

म्हणून मी तुला डोळे मिटायला सांगणार नाही आणि प्रत्येक देखण्या गोष्टीमागे दुःख हुडकायलाही सांगणार नाही. विचारायची सवय मात्र लाव: हे कोण राखतं? उत्तर सापडलं की बघणंही सोपं होतं आणि तक्रार करणंही, कारण दोन्हींत माणसं दिसायला लागतात.

तुमच्याच अंगणातलं बघ. चवथीला गणपतीवर माटोळी बांधता ना? सुपारीचं शिपटं, नारळ, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, कांगल्या, रानातल्या आणखी कितीतरी गोष्टी. माटोळीहून देखणी सजावट मी कुठं पाहिलेली नाही. थर्माकोलच्या महालांना माझ्याकडून शून्य गुण. त्यातली रानातली फळं सत्तरीच्या डोंगरात भर पावसात हिंडून बाया गोळा करतात. कुठल्या ओहोळाकाठी काय पिकतं ते त्यांना पाठ असतं. मग पहाटेच्या बसनं वाळपई, डिचोली, म्हापसा, पणजीच्या बाजारात येऊन, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन त्या बसतात, आणि आपण त्यांच्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करतो. मला विचारशील तर कष्ट आणि सौंदर्य यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तिथं फार सोपा होतो. भाव न करता पैसे द्यायचे, फळांची नावं विचारून घ्यायची आणि ती मुलीला पाठ करायला लावायची.

त्याच तुमच्या साखळीत, विठ्ठलापूरला, त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. पोरं किती तरी दिवस खपतात त्यांवर. ही तीच वाळवंटी, जिच्यात खाणीचा गाळ साचत गेला आणि जिच्या पुराचं पाणी साखळीच्या बाजारपेठेत शिरायचं. तीच नदी पुराची भीती दाखवते आणि दिवेही वाहून नेते, तुझ्या गावाला यात काही विसंगती वाटत नाही. तुला वाटते, कारण तू बाहेरून आलीस आणि दोन्ही एकाच वर्षात पाहिलंस. सवय झाली की हे वाटणं जाईल, आणि पूर्ण जाऊ नये असं मला वाटतं. सवय झालेल्या माणसाला तुंबलेलं गटारही दिसेनासं होतं.

सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव तर तुला एकदा दाखवलंच पाहिजे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर तिथल्या. साळावली धरण बांधलं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं, माणसं दुसरीकडे वसवली. त्या धरणाचं पाणी आज दक्षिण गोव्याच्या नळांना येतं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गावाचे अवशेष वर येतात. तेव्हा जुने गावकरी जमतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळीही आपल्या चॅपेलच्या जागी प्रार्थनेला येतात. घराच्या जोत्यावर उभं राहून म्हातारी माणसं नातवंडांना सांगतात, इथं आमची चूल होती. ती माणसं रडतात आणि नंतर पंक्तीला बसून जेवतात. तुझे सासरे फोटो पाहून जे बोलले, ते तिथं शेकडो माणसं दर वर्षी एकमेकांशी बोलतात. त्यांना कुणीतरी ऐकणारं मिळतं, हा फरक.

तुझ्या घरात ऐकणारी आठ वर्षांची आहे आणि बोलणारा खाटेवर आहे. जीभ जड आहे, म्हणजे बोलणं हा व्यायामच. तिला वही-पेन्सिल देऊन बसव. डोंगराचं नाव काय होतं, वर कुठली झाडं, गुरं कुठल्या वाटेनं चढायची, काजू कुणाचे, झरा कुठं. त्यांनी सांगायचं, तिनं नकाशा काढायचा. चुकेल, खोडेल, परत काढेल. "तोवर आपण तिकडे जाऊया का" याचं उत्तर मी तुझ्याऐवजी देऊ शकत नाही, कारण ते तुम्हा दोघांनाच माहीत नाही. तिला तेवढं खरं सांग: अजून ठरलेलं नाही, आजोबांना बरं वाटेपर्यंत इथंच आहोत. मुलांना अनिश्चितता चालते, थापा चालत नाहीत.

काही गोष्टी कुणीच राखत नाही, त्यांचा हिशेब ठेवू नकोस. मेच्या अखेरीस, पाऊस यायच्या तोंडावर, काजव्यांनी लखलखणारं सत्तरीतलं एखादं झाड. पहिल्या पावसाचा वास. वीज गेल्यावर एकदम ऐकू यायला लागणारी बेडकं. हे बघताना कुठल्या खात्याची आठवण काढायची गरज नाही. मात्र वीज गेली म्हणून बेडकं ऐकू आली, तेव्हा वीज गेली हे बरंच झालं, असं म्हणायच्या मोहात पडू नकोस. लाइनमनला सुटी मिळत नाही त्यामुळे. गोवा वीज जवळजवळ सगळी बाहेरून घेतो, आणि ती तुझ्या घरी येते फणस-माडांच्या गर्दीतून जाणाऱ्या तारांवरून. झाप पडला की तार तुटते आणि रात्री अकराला भर पावसात एक माणूस शिडी लावून खांबावर चढतो. पुढच्या वेळी तो आला की चहा विचार. मग त्यालाच विचार की तुमच्या वाड्यावरच्या तारा कुठं जुन्या झाल्यात. अर्ज लिहायला त्याच्याइतका चांगला सल्लागार मिळणार नाही.

आणि नणंद, सासूबाई. सासूबाईंचं "आम्ही कसे राहिलो" हे वाक्य तुला टोमणा वाटतं. थोडा आहेच. पण एकदा खरंच विचार, कसे राहिलात? त्यांच्या पिढीनं विहिरीवरून घागरी वाहिल्यात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी करताना सुकी मासळी, आमसुलं, मिठातले आंबे, फणसाच्या बिया भरताना पाठ मोडून घेतलीय. तुझं ऐकताना त्यांना वाटत असेल की आमचं सोसणं हिशेबातच धरलं नाही. तू नीट ऐकलंस तर त्याच तुझ्या बाजूनं बोलतील. नणंदेचं सोपं आहे. ती दूर राहते, तिला गोवा सुंदर असणं हवंय, कारण वडील आजारी असताना आपण तिथं नाही हे तिला टोचतं. फोटोंनी ती स्वतःची समजूत घालते. तिला फोटो पाठव आणि त्याच दमात सांग, "डिसेंबरात तीन आठवडे ये, रात्री तू उठ, मी झोपते." गोवा आवडतो ना? मग सगळा आवडू दे.

एक गोष्ट कडू लागेल. तुमच्याकडे टाकी आहे, बहुधा इन्व्हर्टरही आहे, आणि कंटाळा आला तर परत जायचा रस्ता आहे. तुमच्या दारात तो खणलेला रस्ता खणणारी माणसं कर्नाटकातून नाहीतर झारखंडातून आलेली असतील, शेजारीच ताडपत्रीखाली राहत असतील. त्यांच्या बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांचे फोटो फार छान येतात. काढू नकोस. तुमचं पाणी येईल त्या दिवशी बाहेरच्या नळाची तोटी त्यांच्यासाठी उघडी ठेव.

आता कृतघ्नपणाबद्दल. ज्या गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो, जो दरडोई उत्पन्नात देशात पहिल्या काही राज्यांत असतो, ज्याला २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'हर घर जल' राज्य म्हणून प्रमाणित केलं गेलं, त्या गोव्यात पाणी एक दिवसाआड का येतं, हे विचारणं कृतघ्नपणा कसा होईल? नळ आहे हे प्रमाणित झालं, नळात पाणी किती वेळ असतं हे विचारायचं राहिलं. ते विचारायची जागा मात्र नणंदेचा व्हॉट्सॲप नव्हे आणि सासूबाईंचं स्वयंपाकघरही नव्हे. तिथं बोलून तुझं डोकं दुखेल, पाइप जागचा हलणार नाही.

ग्रामसभा रविवारी असते. पंचायतीच्या फलकावर तारीख लागते. जायच्या आधी महिनाभर एका कागदावर लिहीत जा: पाणी कुठल्या दिवशी आलं, किती वाजता, किती वेळ. वीज गेली तर १९१२ या फोन नंबरवर तक्रार करून तिचा क्रमांक टिपून ठेव. रस्ता कुणी खणला, काम कुठल्या खात्याचं, हे तिथल्या मुकादमाला विचारून घे. शेजारच्या चार घरांकडून तसाच कागद लिहून घेतलास तर उत्तम, आणि त्यात एक सही सासूबाईंची असू दे. "बाहेरची सून काय सांगते" असं म्हणायला उठलेला माणूस ती सही पाहून खाली बसेल. पहिल्या सभेत तुला बोलायला मिळेलच असं नाही. आपल्या ग्रामसभा कधी कधी एकाच विषयावर दोन तास भांडतात. म्हणून लेखी अर्ज आधीच पंचायतीत दे, एक प्रत पाणीपुरवठा कार्यालयात दे, आणि दोन्हींच्या झेरॉक्सवर शिक्का-सही मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

तुझी,
माई